आजोबांच्या वस्तऱ्यानं स्वतःची दाढी शिकताना

विश्रामबागेतल्या एका तरुणानं विचारलंय: आजोबांच्या ट्रंकेत जुना जर्मन वस्तरा सापडला. दोन-चार व्हिडिओ पाहिले, चामड्याचा पट्टा मागवला आणि दाढीला बसलो. उजवा गाल कसाबसा झाला, हनुवटीवर मात्र चांगलंच कापलं. आई म्हणते, तो वस्तरा पुन्हा ट्रंकेत टाक. वस्तरा वापरण्याजोगा आहे का, कोन किती ठेवायचा आणि हात बसायला किती दिवस लागतात?

सांगलीच्या गावभागात आमचं दुकान आहे. आजोबा बलुत्याचं काम करायचे, पहाटे धोकटी काखेत मारून घरोघरी जायचे. वडिलांनी दुकान घातलं आणि मी त्या दुकानात पस्तीस वर्षं उभा आहे. गिऱ्हाइकाच्या दाढीला आता आम्ही दर वेळी नवं अर्धं ब्लेड लावतो, पण माझी स्वतःची दाढी मी आजही पोलादी वस्तऱ्यानंच करतो. तेव्हा जे सांगतो ते हातानं शिकलेलं आहे.

दिवसांचं आधी सांगतो. एक दिवसाआड दाढी केलीत तर तीन महिन्यांत हात बसेल. पहिल्या महिन्यात अर्ध्या तासाखाली दाढी उरकायची नाही, आणि सकाळी ऑफिसच्या घाईत तर वस्तरा हातात घ्यायचाच नाही. तुमच्या आईची काळजी रास्त आहे, पण वस्तरा ट्रंकेत टाकायचं कारण नाही. तुम्ही कोन विचारलात, उजव्या हाताचं विचारलंत. डाव्या हाताचा मात्र प्रश्नात उल्लेखच नाही, आणि माझ्या मते तुमची हनुवटी तिथंच कापली. त्यावर येतोच.

आधी वस्तरा बघू. उजेडात धरा आणि धारेकडं समोरून, पात्याच्या रेषेत बघा. चांगली धार समोरून दिसत नाही. जिथं पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते तिथं धार बोथट आहे, वळली आहे किंवा खांड पडली आहे. बारीक खांडी दगडावर निघतात. गंजाचं मात्र नीट बघायला हवं. पात्याच्या पोटावर, म्हणजे मधल्या खोलगट भागात, काळे डाग असतील तर बिघडत नाही, माझ्या रोजच्या वस्तऱ्यालाही आहेत. पण धारेलगत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील तर पंचाईत. दगडावर घासत गेलात की तोच खड्डा धारेवर येतो आणि तिथलं पोलाद चुरा होऊन पडतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या दुकानाच्या खणात पाच वस्तरे राहून गेले. पाणी ओसरल्यावर चिखलातून काढले, धुतले, तेल लावलं. दोन वाचले. तीन वरून ठीक दिसत होते, दगडावर घेतले आणि धार कडेनं झडत गेली. त्यातला एक आजोबांचा होता. म्हणून सांगतो, जुन्या वस्तऱ्याला पॉलिश करून चकाकी आणण्याआधी भिंग घेऊन धारेची कड तपासा.

मुठीकडंही लक्ष द्या. जुन्या जर्मन वस्तऱ्यांच्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असत. त्या काळचं ते प्लास्टिक कापूर घालून केलेलं. ते जुनं होऊन कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटलेल्या पात्याला आतल्या आत गंज चढतो. मूठ चिरफळली असेल, धुरकट झाली असेल किंवा कापरासारखा उग्र वास येत असेल, तर ती बदलून घ्या. सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, त्यामुळं ते देवघरातल्या दिव्याजवळ किंवा गॅसजवळ ठेवू नका. शिंगाची किंवा लाकडाची मूठ असेल तर हा त्रास नाही.

पात्याच्या मुळाशी ‘सोलिंगेन’ असा शिक्का असेल, तर पोलादाची काळजी करू नका. त्या गावाचा धंदाच पात्यांचा. आमच्याकडं पात्याची रुंदी सुतात मोजायची पद्धत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिकायला पाच किंवा सहा सुती पातं बरं, हाताला आवरतं. पात्याचं पुढचं टोक काटकोनी आणि तीक्ष्ण असेल तर धार लावणाऱ्याला ते दगडावर हलकेच मारून घ्यायला सांगा. शिकाऊ हातात पहिलं रक्त काढतं ते हेच टोक, ओठाच्या कडेला नाहीतर कानाच्या पाळीला.

धार तुम्ही स्वतः लावू नका, निदान पहिलं वर्षभर. दाढी शिकणं आणि धार लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकदम सुरू केलीत तर वस्तरा ओढतोय तो धारेमुळं की हातामुळं, हे कधीच कळणार नाही. वस्तऱ्याच्या पाठीची जाडी घडवतानाच ठरवलेली असते. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात आणि त्यातून धारेचा कोन आपोआप सांभाळला जातो. विळी-सुरीला धार लावणारा पाठ उचलून घासतो. त्याच्या हाती वस्तरा दिलात तर तो कोन गेलाच, आणि फिरत्या चाकावर तर पातं तापून पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. वस्तऱ्याला सपाट दगड लागतो. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. आधी १००० नंबरचा, मग ४०००, ८००० आणि शेवटी जमल्यास १२०००. एकदा अशी धार बसली की रोजच्या चामड्यावर ती दोन-तीन महिने सहज टिकते.

धारेची कला आपल्या भागात जुनी आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. तलवारींची कामं कमी झाली तसे ते तंतुवाद्यांकडं वळले. माझ्या वडिलांनी मला लहानपणी तिथं नेऊन भोपळा तासणारा कारागीर दाखवला होता आणि म्हणाले होते, हत्याराचा आवाज ऐक, कुठं अडतंय ते कानाला आधी कळतं. वस्तऱ्याचंही तसंच आहे. दाढीच्या खुंटांवरून नीट चालला तर बारीक, एकसारखी खरखर येते. आवाज बंद झाला तर पातं नुसतं फेस काढतंय. आवाज जाड झाला, टरटर आला, तर कोन चढलाय किंवा धार उतरलीय. थांबायचं.

आता चामड्याचा पट्टा. आजोबा त्याला चामोटं म्हणायचे. पट्ट्यावर फिरवल्यानं धार नव्यानं तयार होत नाही. दाढी करताना धारेची अतिसूक्ष्म कड इकडंतिकडं वळते, ती पट्टा सरळ करतो. म्हणून प्रत्येक दाढीआधी पट्टा हवाच. आणि शिकणाऱ्याचा वस्तरा बिघडतो तोही बहुतेक इथंच.

पट्टा खिडकीच्या गजाला अडकवा आणि दुसरं टोक ताठ ओढून धरा. झोळ राहिला की चामडं धारेभोवती वर येतं आणि धार गोल होते. पातं सपाट ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. पाठ पुढं, धार मागं अशी चाल. टोकाला पोचल्यावर पातं उलटताना पाठ चामड्यावरून सोडायची नाही, कूस पाठीवरच बदलायची. धारेवर उलटलंत तर पट्टाही कापला आणि धारही गेली. जोर अजिबात नको, वस्तऱ्याचं वजन पुरे. आधी कापडी बाजूवर वीस फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. व्हिडिओत सटासट आवाज करत फिरवतात, त्या वेगाच्या नादी लागू नका. पहिले आठ दिवस लोणी लावायची बोथट सुरी घेऊन हीच चाल गिरवा. मनगट न वळवता फक्त बोटांत मूठ फिरवायची सवय लागली की मग वस्तरा घ्या. पहिला पट्टा स्वस्तातला असू द्या, त्याला एक-दोन काप पडणारच.

आता डावा हात.

मला वडिलांनी दुकानात घेतलं तेव्हा दोन महिने वस्तरा दिला नाही. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावायचा, ब्रश धुवायचा आणि ते दाढी करताना बाजूला उभं राहून फक्त त्यांच्या डाव्या हाताकडं बघायचं. घरी रात्री फुगा फुगवून त्यावर फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं तो फेस काढायचा. फुगा फुटला नाही की लोक टाळ्या वाजवतात, पण तो न फुटण्याचं कारण सोपं आहे: फुगा सगळीकडून सारखा ताणलेला असतो. तोच फुगा थोडा हवा सोडून लुळा करा आणि मग वस्तरा लावून बघा. वडिलांनी मला एका रात्री तसा लुळा फुगा दिला आणि तो पहिल्याच हाताला फाटला. माणसाचा गाल त्या लुळ्या फुग्यासारखा आहे. त्याला ताठ करायचं काम डाव्या हाताचं.

कातडी सैल असली की पात्यापुढं तिची बारीक लाट उठते आणि धार त्या लाटेत शिरते. कापणं म्हणतात ते हेच. म्हणून नियम असा: पातं ज्या दिशेला जाणार त्याच्या उलट दिशेला कातडी ताणायची, आणि ताण पात्याच्या अगदी मागून, बोटभर अंतरावरून द्यायचा. उजव्या गालाला डावा हात डोक्यावरून नेऊन कल्ल्याजवळची कातडी वर ओढा. जबड्याच्या हाडावर कधीही थेट पातं लावू नका. हाडाखालची कातडी ओढून वर सपाट गालावर आणा आणि तिथं काढा. मानेला हनुवटी वर करून कातडी गळ्याच्या खालून ओढा. ओल्या बोटांना साबणाच्या गालावर पकड मिळत नाही, तेव्हा ती बोटं टॉवेलला कोरडी पुसा आणि तुरटीच्या खड्यावर घासा. मग कातडी निसटत नाही. ही एवढीशी गोष्ट मला कुणी पुस्तकात सांगितली नाही, वडिलांच्या डाव्या हाताशेजारी कायम तुरटी ठेवलेली असायची, त्यावरून उमगली.

हा ताण शिकण्यासाठी एक करा. पुढचे दोन आठवडे दाढी नेहमीच्या रेझरनंच करा, पण प्रत्येक हाताला वर सांगितल्यासारखी कातडी ताणून करा. डाव्या हाताला जागा पाठ होतील. त्यानंतर वस्तऱ्याला तो हात तयार मिळेल.

केसांची दिशाही याच दिवसांत ओळखून घ्या. दोन दिवसांचे खुंट वाढू द्या आणि कोरड्या गालावरून बोट फिरवा. ज्या बाजूनं बोट गुळगुळीत जातं ती सुलटी, जिथं खरखरतं ती उलटी. गालावर सहसा सगळं खाली जातं, पण मानेवर अनेकांना भोवरा असतो, एका बाजूला केस आडवे तर दुसऱ्या बाजूला खालून वर. माझ्या स्वतःच्या मानेवर डावीकडं तसा आहे. ही दिशा माहीत नसताना मानेला हात घातला की पुरळ उठणं ठरलेलं.

कोनाचं सांगतो. पातं गालावर सपाट ठेवा. मग पाठ उचला, पाठीच्या जाडीच्या दीड-दोन पट. साधारण तीस अंश होतात, पण अंश मोजत बसू नका, पाठीच्या जाडीचं माप डोळ्याला दिसतं. फार सपाट ठेवलात तर वस्तरा केस ओढतो, फार उभा धरलात तर कातडी खरवडतो आणि चावतो. तीन बोटं पात्याच्या मुळाच्या दांड्यावर, करंगळी मागच्या शेपटीवर, अंगठा खालून. मूठ हवेत मोकळी. हात इंच-दीड इंचाचेच मारा, लांब नको. आणि पातं धारेच्या लांबीनं कधीच सरकवायचं नाही. कापायला सुरी तशी ओढतात, वस्तराही तसा ओढलात तर तो सुरीचंच काम करील.

पहिला आठवडा फक्त दोन्ही गाल, कल्ल्यापासून जबड्याच्या वरपर्यंत. बाकीची दाढी रेझरनं संपवा. यात कमीपणा काही नाही, आम्हीही असेच शिकलो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मान. हनुवटी आणि मिशीची जागा महिन्यानंतर. आणि पूर्ण पहिला महिना फक्त सुलटी. घोटून दाढीचा मोह होईल, पण उलटा हात तीन महिन्यांनंतरच. ज्यांचे केस कुरळे आहेत, ज्यांना केस आत वळून फोड येतात, त्यांनी तर उलटी कधीच करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमची हनुवटी का कापली ते आता लक्षात येईल. पात्याची धार सरळ रेघ आहे आणि हनुवटी गोल. गालावर धारेचा जवळजवळ इंचभर भाग टेकतो, जोर वाटला जातो. हनुवटीवर ती एकाच बिंदूला टेकते आणि हाताचा तोच जोर तिथं एकवटतो. त्यात तिथले केस सगळ्यात राठ, म्हणून पातं अडतं, आपण नकळत रेटतो, आणि ते सुटतं ते थेट कातडीत. उपाय असा: खालचा ओठ दातांवरून वर ओढून हनुवटी सपाट करा, डाव्या हातानं कातडी बाजूला घ्या म्हणजे हनुवटीचा भाग जबड्याच्या सपाटीवर येतो, पाठ थोडी खाली उतरवून कोन कमी करा आणि पाव इंचाचे हात मारा. पातं अडलं तर रेटू नका, उचला, पुन्हा फेस लावा. तिथले केस मऊ व्हायला बाकीच्यांपेक्षा वेळ लागतो, म्हणून साबण आधी हनुवटीला लावायचा आणि दाढी तिची शेवटी करायची.

साबणाचं फार लिहीत नाही. कोमट पाण्यानं तोंड धुवा, ब्रशनं फेस करा, दोन-तीन मिनिटं मुरू द्या. केस मऊ करतं ते पाणी, साबण त्याला फक्त धरून ठेवतो. बोअरचं जड पाणी असेल तर फेस धरत नाही, तेव्हा तांब्याभर पिण्याचं पाणी गरम करून वापरा. फवारणीच्या डब्यातला फेस वस्तऱ्याला चालत नाही, तो लगेच वाळतो.

नवशिक्यांना हल्ली सल्ला देतात की आधी सलूनचा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घ्या, तो सोपा. मला तो पटत नाही. धार लावायची कटकट नाही हे खरं, पण ते ब्लेड पातळ आणि फार तिखट असतं, कोन जराही चुकला तर माफ करत नाही. पोलादी वस्तऱ्याचं वजन हाताला सांगतं की तो कुठं आहे. तुमच्याकडं तो आहे, तर त्यावरच शिका.

कापलंच तर घाबरू नका. थंड पाणी, मग तुरटी फिरवा. झोंबेल, पण बारीक रक्त थांबतं. दोन मिनिटं स्वच्छ फडकं दाबून धरलंत तर बहुतेक सगळंच थांबतं. रक्त पातळ करायची औषधं चालू असतील किंवा तोंडावर फोड-पुटकुळ्या असतील, तर वस्तरा नको. वस्तरा हातातून निसटला तर पडू द्या. झेलायला हात घालायचा नाही, पाय मागं घ्यायचे. शिकाऊ दिवसांत पायाखाली जाड सतरंजी टाका, म्हणजे धारही वाचेल. दरवाजाला आतून कडी लावा, मूल किंवा कुणी अचानक आत येता कामा नये.

आणि हा वस्तरा भावाला, मित्राला वापरायला देऊ नका. पहिल्यांदा वापरण्याआधी साबणानं धुऊन स्पिरिटनं पुसा. उकळत्या पाण्यात टाकू नका, मूठ तडकते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. आम्ही गिऱ्हाइकांसाठी पोलादी वस्तरा बाजूला ठेवला तो याच भीतीनं.

दाढी झाली की पातं मऊ फडक्यानं पाठीकडून धारेकडं पुसा, नळाच्या तोटीला धार लागू देऊ नका, आणि दहा मिनिटं उघडाच सुकू द्या. मग मिटा. बाथरूममध्ये ठेवू नका, चामड्याच्या पिशवीतही नको, चामडं ओल धरतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवेतच पाणी असतं, तेव्हा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पात्यावर फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं.

तुमच्या वस्तऱ्याचं नक्की काय ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं, मी त्याच दिवशी दगड भिजत घालतो. सकाळी या, वस्तरा आणि तो ऑनलाइन पट्टा दोन्ही घेऊन. शनिवारपासून दाढी करू नका, दोन दिवसांचे खुंट असू द्या, म्हणजे केस कुठं वळतात तेही बघता येईल.